जावयाला वाण म्हणून दिलेलं घर

अधिक महिन्यात जावयाला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. कपडे देतात, चांदीचं काहीतरी देतात, अनारशांचं ताट देतात, आणि जावई नको नको म्हणत सगळं घेऊन जातो. भिलाईत, कोहक्यातल्या आमच्या घरी जो जावई आला तो नको म्हणाला आणि त्याने खरोखरच घेतलं नाही. प्रकरणाची सुरुवात तिथून झाली.

घर माझ्या मोठ्या भावाचं. खाली तो आणि वहिनी, वरच्या दोन खोल्यांत मी. भाऊ पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो. म्हणजे छताखालच्या रुळांवरून सरकणाऱ्या केबिनमध्ये बसून तो वितळलेल्या पोलादाचे हंडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. मी एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या दुरुस्त करत आयुष्य काढलं. भावाची एकुलती मुलगी पुण्याला दिली. तिचा नवरा संगणकाच्या एका कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याने आम्हाला बरेचदा समजावून सांगितलं आहे.

आमच्याकडे जावई सासू-सासऱ्यांना मामीजी-मामाजी म्हणतो. ताट समोर ठेवल्यावर तो भावाला म्हणाला, "मामाजी, मला वस्तू नकोत. वस्तूंचा शेवटी कचरा होतो. मला एकच गोष्ट द्या."

भावाने हात जोडले. "मांगा ना जवाईबापू. आपल्या हातातलं असन तं नाई म्हननार नाई."

"हे घर द्या."

वहिनी वाढता वाढता थांबली. आपल्या वाक्याचा परिणाम नीट होऊ देऊन जावई हसला. "आठवडाभर माझ्या ताब्यात द्या, असं म्हणतोय मी. सर्व्हर बसवतो, सगळं ऑटोमेट करतो. घर स्वतः विचार करेल."

"अन् आमी काय करू?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही आराम करा, मामीजी."

भावाने त्याच्या हातावर पाणी सोडलं आणि "दिलं" म्हणाला. वाण झालं. दिलेलं वाण परत मागत नाहीत, आणि जावयाला दिलेलं तर नाहीच. हा नियम त्या घरात कोणी कोणाला सांगितला नाही. सांगावा लागतच नाही.

सर्व्हर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी निघाली. तिला रॅक हवा, असं जावयाचं म्हणणं. बाजारातला पत्र्याचा रॅक त्याला पसंत पडला नाही. तो हथखोजच्या औद्योगिक भागात गेला आणि तिथल्या एका लहान कारखान्यात त्याने इंग्रजी नकाशा दाखवून लोखंडी रॅक जोडायला दिला. वर काय ठेवणार, असं कारखानदाराने विचारलं. सर्व्हर, असं उत्तर मिळालं. हथखोजमध्ये ज्या वस्तूसाठी लोखंडी सांगाडा बनवतात ती वस्तू वजनदार असते, त्यामुळे त्याने कुठलंसं अवजड यंत्र समजून जाड अँगल लावले. रॅक टेम्पोतून आला आणि चौघांनी मिळून उतरवला. जावई त्यावर खूश झाला. ती पेटी रॅकवर ठेवली तेव्हा फलाटावर कोणी डबा विसरून गेल्यासारखी दिसत होती.

त्यानंतर प्रत्येक स्विचबोर्डाच्या मागे सर्व्हरच्या हुकमाने वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिले बसल्या. खोल्यांच्या कोपऱ्यांत हालचाल ओळखणारे पांढरे सेन्सर आले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टॅबलेट आला, बोलणारा आणि ऐकणारा. चोरासाठी भोंगा आला, आणि पुढच्या दाराला फोनने उघडणारं कुलूप आलं. त्याला किल्लीही होती. ती हरवू नये म्हणून जावई पुण्याला घेऊन गेला.

काम चालू असताना तो बोलत असे. आपला डेटा आपल्याच घरात राहिला पाहिजे, हा त्याचा आवडता मुद्दा. परक्या कंपनीच्या हाती तो का द्यायचा, म्हणून तर स्वतःचा सर्व्हर. या घरातला डेटा म्हणजे वहिनी किती वाजता उठते, न्हाणीघराचा दिवा किती वेळ चालू राहतो आणि मागचं दार कोण उघडतं. आजवर त्याच्यावर कोणाचा डोळा होता हे कळलं नाही. सर्व्हर बसल्यावर एकाचा राहू लागला. जावयाचा. पुण्यात बसून त्याला सगळं फोनवर दिसत होतं.

तो गेल्यावर शेजारी बघायला आले. भाऊ पाहुण्याला दारात उभं करून म्हणे, "आता जा आत." पाहुणा आत गेला की दिवा लागे. "आता या बाहेर." पाहुणा बाहेर आला की काही वेळाने दिवा जाई. याहून जास्त दाखवण्यासारखं काही नव्हतं. लोक चहा पिऊन जात.

मग भावाची रात्रपाळी लागली.

जावई असताना भाऊ रजेवर होता, कारण जावई आला की रजा घ्यायची असते. त्यामुळे सर्व्हरला जो घरमालक माहीत झाला तो रात्री झोपणारा होता. सेन्सरला फक्त हालचाल कळते. झोपलेला माणूस हलत नाही, आणि रात्रभर जागून आलेला तर मुळीच नाही. थोडा वेळ हालचाल दिसली नाही की सर्व्हर खोली रिकामी ठरवी आणि पंखा बंद करी. रात्री असं होऊ नये याची काळजी जावयाने घेतली होती. माणूस दिवसा झोपतो, ही शक्यता त्याच्या डोक्यात आली नाही. भिलाईतल्या प्रत्येक गल्लीत दिवसा कोणीतरी झोपलेलं असतं. भाजीवालासुद्धा काही दारांपुढे आवाज खाली घेतो. घर मात्र विचार करणारं होतं.

अधिक महिना त्या साली पावसाळ्यात आला होता. उकाड्यात पंखा थांबला की भाऊ घामाने जागा होई, हात वर करून हलवी, पंखा सुरू होई, तो पुन्हा झोपे, आणि पंखा पुन्हा थांबे. भिंतीवरचं बटण दाबून उपयोग नव्हता. बटण आता सर्व्हरला नुसतं कळवत असे. निर्णय सर्व्हर घेई.

हे साधं गैरसोयीचं प्रकरण राहिलं असतं. पण भावाची वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. क्रेन चालवणाऱ्यांचे डोळे, कान आणि रक्तदाब तपासतात. काही बिघाड निघाला तर माणसाला केबिनमधून उतरवून जमिनीवरच्या कामाला लावतात. भावाचा रक्तदाब आधीच्या तपासणीत काठावर होता. डॉक्टरने गोळी दिली नव्हती, झोप पुरी घ्या असं सांगितलं होतं. निवृत्ती फार लांब नव्हती, आणि भावाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. क्रेनवरून निवृत्त व्हायचं, खालून नाही. त्याच्याबरोबरचे जे उतरवले गेले ते स्टोअरच्या दाराशी स्टुलावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करतात. त्यांच्याबद्दल तो चांगलं बोलत नसे.

वरच्या खोल्या सर्व्हरच्या हिशेबात नव्हत्या, म्हणून मी त्याला माझ्या खोलीत झोपायला सांगितलं.

"आपल्याच घरात पावना होऊ का?"

"मंग जवायाले सांग."

"काय सांगू? तुमचं वान बेकार आहे म्हनून सांगू? पोरगी त्यायच्या घरी आहे, बाबू."

पोरगी त्यांच्या घरी आहे, हे वाक्य आमच्याकडे कुठल्याही चर्चेचा शेवट करतं. ते बोलणाऱ्याला आपण काही शहाणपणाचं बोललो असंही वाटतं.

एका सकाळी भाऊ ड्यूटीवरून येऊन झोपला आणि वहिनी बाजारात गेली. सर्व्हर माणसं ओळखे ती त्यांच्या फोनवरून. वहिनीचा फोन घराच्या वायफायमधून गेला म्हणजे वहिनी गेली. भावाकडे बटणांचा साधा फोन होता. कॅमेऱ्याचा फोन केबिनमध्ये चालत नाही, म्हणून त्याने दुसरा कधी घेतलाच नव्हता. सर्व्हरच्या लेखी त्या घरात माझा भाऊ राहत नव्हता. वहिनी बाहेर पडल्यावर घराने स्वतःला रिकामं घोषित केलं, पंखे बंद केले, दार लावून घेतलं आणि चोराची वाट पाहत बसलं.

पंखा बंद झाल्यावर भाऊ उठला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. भोंगा सुरू झाला.

मी खाली आलो तेव्हा दार उघडत नव्हतं. खिडकीच्या गजांतून भाऊ दिसला. बनियन आणि लुंगीवर, हातात तांब्या, टॅबलेटसमोर उभा. भोंग्याच्या आत एक आवाज होता, तो पुण्याहून येत होता.

"कौन है अंदर? मैं पुलिस को फोन लगा रहा हूँ!"

"मी आहो, जवाईबापू."

"कौन?"

"मी. सासरा तुमचा."

भोंगा थांबला. "मामाजी? तुम्ही घरी आहात?"

"मंग कोठं असन?"

"पण सिस्टिममध्ये तुम्ही नाही आहात."

भावाने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "माफ करा, जवाईबापू. पानी प्याले उठलो होतो."

मी हे शब्द जसेच्या तसे देतो आहे. माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायल्याबद्दल माफी मागितली, आणि दुसऱ्या बाजूने ती स्वीकारली गेली. "हरकत नाही," जावई म्हणाला. "होतं असं सुरुवातीला." त्याने पुण्याहून दार उघडून दिलं. मी आत गेलो तेव्हा समोरच्या घरातली माणसं गच्चीवर येऊन उभी होती. भाऊ त्यांना खिडकीतून सांगत होता की टेस्टिंग चालू होतं.

जावयाने उपाय सुचवला. मामाजींना एक स्मार्टफोन घ्या. वहिनीने आपला जुना फोन काढला, त्याला भावाचं नाव दिलं आणि तो कपाटाच्या खणात चार्जिंगला लावून ठेवला, कारण भाऊ तो नेणार नव्हता. आता सर्व्हरला भाऊ दिसू लागला. तो इतका दिसू लागला की सकाळ, दुपार, रात्र घरातच. काही दिवसांनी पुतणीचा फोन आला. वहिनीने स्पीकर लावला.

"आई, बाबांना कामावरून काढलं का?"

"कोन म्हने?"

"हे म्हणत होते. बाबा घरातून हलतच नाहीत म्हणे. सासूबाईंनी पण विचारलं मला, काही लपवताय का तुम्ही."

"तुहे बाबा ड्यूटीवर हायेत. कपाटात तं फोन आहे."

"म्हणजे?"

"म्हनजे काई नाई. सासूबाईले सांग, कपाट रिटायर झालं."

भाऊ ड्यूटीवरून आला तेव्हा त्याला ही हकीकत सांगितली नाही. त्याला दुसरीच काळजी होती. खणातल्या फोनने भोंगा थांबला, पण पंख्याचा प्रश्न तसाच होता, कारण खोली सेन्सरवर चालत होती. शेवटी त्या दोघांनी एक पद्धत काढली. भाऊ झोपला की वहिनी त्याच्या खोलीत खुर्चीवर बसे, भाजी निवडे, तांदूळ निवडे, आणि निवडायला काही उरलं नाही की हातातला रुमाल सेन्सरच्या दिशेने हलवत राही. आराम करा मामीजी, असं जिला सांगण्यात आलं होतं ती बाई सकाळभर एका यंत्राला पटवून देत बसे की या खोलीत माणूस आहे. तिलाही डुलकी लागे. मग दोघांनाही घाम फुटे.

तपासणी झाली. रक्तदाब काठ ओलांडून गेला होता. भावाला तात्पुरतं खाली घेतलं, पंधरवड्याने पुन्हा तपासू म्हणून सांगितलं. तो घरी आला आणि जोडे न काढता ओसरीत बसला.

"काय झालं वो?" वहिनीने विचारलं.

"स्टूल दिलं."

तेवढंच. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, आत जाऊन फोन आणला आणि जावयाला लावला. भाऊ उठून दोन्ही हातांनी नको नको करू लागला. इतकी जोरात हालचाल त्या घरात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. हॉलचा दिवा लागला.

"जवाईबापू, त्यायले क्रेनवरून उतरवलं. झोप नाई झाली म्हनून."

जावई हळहळला. मग त्याचं म्हणणं सुरू झालं. चूक त्याची नव्हती, सेन्सर स्वस्तातला होता. आता रडारवाला मिळतो. तो माणूस हलला नाही तरी ओळखतो. छातीची बारीक हालचालसुद्धा पकडतो. "श्वास ओळखतो तो, मामीजी. मी ऑर्डर करतो."

"त्यायचा श्वास चालू आहे का नाई, हे मले मशीन सांगन?"

"तसं नाही. नाहीतर असं करा, मामाजींचा ड्यूटी चार्ट दर आठवड्याला टॅबलेटमध्ये भरत जा. मी ऑटोमेशन लिहितो."

"मी काढाले मानूस बोलावून राहिली."

"मामीजी, हे घर तुम्ही मला दिलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

"घर दिलं होतं. मानूस नव्हता दिला."

मग पुतणीने फोन घेतला. "आई, त्यांना किती वाईट वाटलं. एवढी मेहनत केली त्यांनी."

"वाटू दे. तुह्या बाबाले स्टूल भेटलं."

"म्हणजे काय?"

"ये कधी, मंग सांगते."

भाऊ तोवर अंगणात जाऊन उभा राहिला होता. वितळलेल्या पोलादाखालून माणसं हटवायला जो माणूस वरून घंटा बडवतो, त्याच्या घशातून जावयासमोर शब्द निघत नव्हता. हे धैर्य कमी पडण्याचं प्रकरण नव्हे. त्याला ते अयोग्य वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

जवळच्या भिलाई-३ वरून एक वायरमन आला. कामात तो फारसा चांगला नव्हता. त्याने रिले उपटल्या, सेन्सर उपटले, भोकं तशीच ठेवली, आणि न्हाणीघराच्या दिव्याचं बटण हॉलमध्ये निघालं. वहिनीने त्याला दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा ते देवघरात निघालं. पेटी आणि टॅबलेट खोक्यात भरून पुण्याला पाठवली. रॅक हलवायला माणसं मिळाली नाहीत, तो तिथेच आहे. वहिनी त्यावर गव्हाच्या कोठ्या ठेवते. तो मुळात तेवढ्या वजनासाठीच केलेला होता.

पंधरवडा भाऊ स्टोअरच्या दाराशी बसला. त्या काळात त्याला रात्रपाळी नव्हती. तो रात्री झोपे, आणि अनेक वर्षांनी रात्री झोपायला मिळालं तर त्याला झोपच येईना. तो सकाळी ओसरीत बसून म्हणे की आता काही खरं नाही. वहिनी दुपारी खोलीत अंधार करी, त्याला ढकलून आत पाठवी आणि बाहेरून कडी घाली. दुपारी मात्र तो झोपला. दुसऱ्या तपासणीत रक्तदाब काठाच्या आत आला. फार आत नाही, पण आत. त्याला पुन्हा वर पाठवलं. घरी येऊन त्याने ते एका शब्दात सांगितलं: "चढलो." वहिनीने भजी केली.

जावयाचा त्यानंतर फोन आला नाही. पुतणीचे येत. त्यांतून कळलं की तो तिकडे लोकांना सांगतो, सासरची माणसं टेक्नॉलॉजीला घाबरतात. ओळखीच्या लोकांपुढे त्याचं एक व्याख्यानही झालं, ज्येष्ठांसाठी घर कसं सुलभ करावं यावर, आणि त्यात आमच्या घराचं उदाहरण होतं. अडचणी आल्या, असं त्याने कबूल केलं म्हणे. वापरणाऱ्यांची तयारी नव्हती.

दिवाळीला ते दोघं आले नाहीत. ऑफिसचं काम आहे, असं पुतणीने कळवलं. भाऊबीजेपर्यंत भाऊ रोज एकदा दारापर्यंत जाऊन येत होता. शेवटी करंज्यांचा डबा बंद करताना वहिनीला म्हणाला, "तू जरा गोड बोलली असती तं आले असते."

"हाव. अन् तुमी स्टुलावर बसून फराळ खाल्ला असता."

"दोन्ही जमलं असतं."

"नसतं जमलं," ती म्हणाली. "पोरीची आठवन मलेबी येते. पर नसतं जमलं."

भावाचा विश्वास बसला असं वाटलं नाही. जावयाची समजूत काढणारं एखादं पत्र लिहून देशील का, तू तर वर्तमानपत्रात होतास, असं त्याने मला विचारलं. मी नाही म्हणालो. दुपारची पाळी होती. त्याने जेवणाचा डबा उचलला, हेल्मेट घेतलं आणि तो क्रेनवर गेला.